सह्यांच्या वहीतला इतिहास

नामांकित माणसांच्या सह्या गोळा करण्याचा नाद आपल्याकडेही पुष्कळांना असतो. विद्यार्थ्याच्या दप्तरात अशी वही सापडली, तर आपण मास्तर मंडळी 'अभ्यास कर आधी' म्हणून ती बाजूला ठेवायला लावतो. पण अशी एखादी वही इतिहासाचे साधन होऊ शकते. ते कसे, हे आज एका परक्या मुलखातल्या उदाहरणावरून सांगतो.

इंग्लंडात मँचेस्टर युनायटेड नावाचा फुटबॉलचा संघ आहे. १९५० नंतरच्या काळात मॅट बस्बी या व्यवस्थापकाने त्यात कोवळी पोरे घेतली आणि त्यांना आपल्या हाताखाली तयार केले. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे या संघाने इंग्लंडची लीग जिंकली. डंकन एडवर्ड्स हा त्यांतला मोहरा. वयाच्या अठराव्या वर्षीच तो इंग्लंडकडून खेळला.

५ फेब्रुवारी १९५८ रोजी हा संघ बेलग्रेडला ३-३ असा बरोबरीचा सामना खेळला आणि युरोपियन चषकाच्या उपान्त्य फेरीत गेला. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर विमान इंधनासाठी म्यूनिकला उतरले. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा होता. दोनदा उड्डाण सोडून द्यावे लागले. तिसऱ्या वेळी विमान कोसळले. तेवीस माणसे गेली. त्यांत आठ खेळाडू होते. कप्तान रॉजर बर्न अठ्ठावीस वर्षांचा, एडी कोलमन अवघा एकवीस वर्षांचा. डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस इस्पितळात झुंजला आणि २१ फेब्रुवारीला गेला.

आता सह्यांकडे येऊ. त्या काळी इंग्लंडात खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा असे; ती १९६१ साली उठली. ही मंडळी चारचौघांसारखीच राहत, तरुण खेळाडू तर कुणाच्या तरी घरी भाड्याने. त्यामुळे मैदानाबाहेर थांबलेल्या पोराला सही मिळणे कठीण नव्हते. म्यूनिकनंतर मात्र त्या साध्या वह्यांना मोल आले. बर्न किंवा एडवर्ड्स यांची नवी सही आता कधीच मिळणार नव्हती.

आणि जिथे मोल आले, तिथे खोट आलीच. काही सह्या मुद्दाम बनवलेल्या, काही सरळ छापलेल्या. शिवाय संघातल्या एकाने दुसऱ्याची सही ठोकून देण्याचा प्रकारही फुटबॉलमध्ये चालत आलेला आहे. मग खरी कोणती, हे ओळखायचे कसे?

इथे छंद संपतो आणि इतिहासकाराचे काम सुरू होते. हॅरी ग्रेग हा गोलरक्षक संघात आला डिसेंबर १९५७ मध्ये. म्हणजे ज्या पानावर ग्रेग आणि बर्न या दोघांच्याही सह्या संघाचे खेळाडू म्हणून शेजारी शेजारी आहेत, ते पान त्या डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या सहा तारखेपर्यंतचेच असले पाहिजे. पानावर तारीख नसली तरी जेमतेम दोन महिन्यांत ते बसवता येते! त्याच पानावर सही जाड स्केचपेनने केलेली दिसली, तर सावध व्हावे. तसले पेन सर्रास झाले ते १९६० नंतर. मोडी कागदांचे अभ्यासक हेच करतात. पत्रावर साल नसेल तर त्यात आलेली माणसे कोण, ती कधी कुठल्या हुद्द्यावर होती, अक्षर कुणाचे, कागद कुठला, हे ताडून पाहतात.

सह्या नसलेला एक कागदही सांगण्याजोगा आहे. दुर्घटनेनंतरचा पहिला सामना १९ फेब्रुवारी १९५८ रोजी झाला. त्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत मँचेस्टरच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्याच सोडल्या होत्या. कोण खेळणार, हे छापखान्यात पत्रिका गेली तेव्हा ठरलेले नव्हते. त्या कोऱ्या ओळी वाचल्या म्हणजे एका संघावर काय गुदरले, ते पानभर मजकुरापेक्षा लवकर कळते. पुढे बस्बींनी संघ पुन्हा उभा केला आणि १९६८ साली युरोपियन चषक जिंकला. म्यूनिकमधून वाचलेले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स त्या सामन्यात खेळले. चार्ल्टन २०२३ साली वारले. वाचलेल्या खेळाडूंतले ते शेवटचे. आता त्या पानांविषयी विचारावे असा त्या विमानातून वाचलेला एकही खेळाडू राहिला नाही. जे लिहून ठेवले, तेवढेच उरले.

तुम्ही म्हणाल, मँचेस्टरच्या पोरांशी आमच्या गावाचा काय संबंध? संबंध पद्धतीचा आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात जुने हजेरीपट असतील, कबड्डीच्या संघाचा डाग पडलेला फोटो असेल, तालमीच्या वहीत कुणा पैलवानाची सही किंवा अंगठा असेल. गावातली वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारा : हा कोण, तो कोण, साल कोणते, ही वही इथे आली कशी? मिळालेली माहिती वेगळ्या कागदावर लिहा, सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस घाला, आणि तो कागद त्या वहीसोबत ठेवा. मूळ पानावर मात्र शाईचा ठिपकाही पाडू नका. हे काम वर्गातली पोरे आनंदाने करतील. एका रविवारी सुरुवात करून पाहा.