तबकडी आणि तिची शिफारस

‘आल्बम’ हा शब्द आज लहानथोरांच्या तोंडी आहे. पण तो संगीताच्या व्यवहारात आला कोठून, याचा विचार क्वचितच कोणी करतो. ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या असत त्या काळी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. एखादी लांब रचना असली म्हणजे ती चार-सहा तबकड्यांवर वाटून घ्यावी लागे आणि त्या तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत, छायाचित्रे जपून ठेवावीत तशा, एकेका पाकिटात घालून ठेवीत. त्या वहीचे नाव आल्बम. पुढे १९४८ साली अमेरिकेत दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली, अख्खी वही एका तबकडीत सामावली. वही गेली आणि नाव तेवढे मागे राहिले.

परंतु आम्ही येथे त्या वहीचा इतिहास लिहावयास बसलेलो नाही. ती एका घरातून दुसऱ्या घरी जाताना तिच्याबरोबर एक वाक्य जात असे. ‘हे ऐकाच’ असे ते वाक्य. आमच्या गोव्याकडे ‘आयकून पळय’. त्या वाक्याने काय काय घडविले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजानबाईंचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या घडत जर्मनीतील हानोव्हर येथे. तेथील कारागिरांस गाणारीण कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच बाई स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत, असे सांगतात. म्हणजे तबकडीची पहिली शिफारस खुद्द गाणाराच करीत असे! १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्या घडू लागल्या, आणि मग हा ‘थाळीवाजा’ हळूहळू गावोगाव पोहोचला.

आता शिफारशीची एवढी गरज का पडावी? कारण कंपनीच्या यादीत गायकाचे नाव, रागाचे नाव आणि तबकडीचा क्रमांक, याहून फारसे काही नसे. यादीतील ‘भैरवी’ हा शब्द वाचून ती भैरवी कशी आहे हे कोणास कळणार? पैसे मोजण्यापूर्वी ऐकलेल्या माणसाचा शब्द घ्यावा लागे. शिवाय ती वस्तूही मोठी नाजूक. हातून निसटली की दोन तुकडे. आणि न निसटता नुसती वाजली तरी प्रत्येक वेळी पोलादी सुई तिच्या रेघा थोड्या खरवडूनच जाई. सुई दर बाजूस बदलावी, असा नियम होता. काटकसरी घरांत एकाच सुईवर सबंध संध्याकाळ निभावीत, आणि त्याचे फळ तबकडीच्या अंगावर उमटे. त्यामुळे तबकडी उसनी देणे म्हणजे तिच्या आयुष्यातील काही भागच देऊन टाकणे होते. देणारा शहाणा असला तर तबकडीबरोबर नव्या सुयांची डबीही पाठवी. अशा देण्याबरोबर आलेल्या शब्दास वजन असे, यात नवल ते काय?

या शब्दाचे सामर्थ्य पाहावयाचे तर बेळगाव-धारवाडच्या मुलखात जावे. १९३३ साली गदगेचा एक अकरा वर्षांचा मुलगा घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाला. त्यास घराबाहेर काढले ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. त्याच सुमारास बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी हा बालक मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवीत असे; लोकांनी त्यास ‘कुमार गंधर्व’ म्हटले. पुढे तेच कुमार माळव्यात देवासला जाऊन राहिले आणि इंदूर-देवासकडील मराठी मंडळींस आपलेच वाटू लागले. या दोघांच्या घरी तबकड्यांचा ढीग नव्हता. कोणी तरी वाजविली, कोणी तरी ‘ऐक’ म्हटले, तेव्हा त्या कानी पडल्या. ही ‘कोणी तरी’ मंडळी चरित्रांत सापडत नाहीत. आमच्या मते संगीताच्या इतिहासातील ही एक मोठी उणीव आहे.

देवालयांशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते, अशा आमच्या वाचकांपुढे आणखी एक गोष्ट मांडली पाहिजे; ती सुखाची नसली तरी. गोमंतकातील देवस्थानांच्या उत्सवांत ज्यांचे गायन होई, त्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांची सेवा जन्माने ठरलेली असे. सभामंडपात त्यांच्या गळ्यास मान होता. सभामंडपाबाहेर त्यांस बसावयास पाट देताना मात्र हात आखडत असे. तबकडीने या व्यवस्थेस नकळत एक भगदाड पाडले. ज्या गायिकेस माजघरात कोणी बोलाविले नसते, तिचा आवाज माजघरात येऊन बसला. ज्या गृहिणींस बैठकीस जाण्याची मुभा नव्हती, त्या चुलीपाशी बसून केसरबाई, मोगूबाई ऐकू लागल्या. शेजारणीने शेजारणीस तबकडी सुचविताना गायिकेचे कूळ कोणी विचारीनासे झाले.

यात आम्ही आमची पाठ थोपटून घ्यावी असे काही नाही. तबकडीचे कौतुक फुकट होते. माणसास शेजारी बसवून घेण्याची किंमत त्यात द्यावी लागत नव्हती. प्रतिष्ठा मिळविली ती त्या स्त्रियांनी आपल्या विद्येच्या आणि आपल्या समाजाच्या बळावर. तरीही, जेथे माणूस पोहोचू शकला नाही तेथे सूर आधी पोहोचला, हेही नाकारता येत नाही.

केसरबाई केरकरांचेच पाहा. १८९२ साली फोंडा महालातील केरी येथे जन्म. बालपणी कोल्हापुरास काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांची, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम. आणि पुढे १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांपाशी वर्षानुवर्षांची कठोर मेहनत. गुरूंचा स्वतःचा स्वर कोणत्याच तबकडीत उतरला नाही. १९४६ साली ते गेले, त्यांच्याबरोबर तो गेला. शिष्येने तबकड्या दिल्या, पण राग तासभर उलगडणाऱ्या या गायिकेस साडेतीन मिनिटांचा तो हिशोब कसा मानवावा? ध्वनिमुद्रणाच्या यंत्राविषयी त्यांच्या मनात अढी राहिली ती राहिलीच.

आणि दैवगती अशी, की त्यांच्या गाण्यापैकी सर्वांत दूर गेले ते तसलेच साडेतीन मिनिटांचे गाणे. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचा आवाज म्हणून एक सोनेरी तबकडी धाडावयाचे ठरले. निवड कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होती. भारतीय संगीतातील काय घ्यावे, असा प्रश्न आला तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीतसंशोधकाने निःशंकपणे सांगितले : केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. सांगणे सोपे होते. पण ती तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली. सेगन यांच्या सहकारी ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्क पालथे घातले, तेव्हा एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखाली सरकवून ठेवलेल्या धूळभरल्या खोक्यात, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती मिळाल्या. त्यांनी तिन्ही विकत घेतल्या.

तीन प्रती! ब्राउन यांच्याऐवजी दुसऱ्या कोणाचा सल्ला घेतला असता, तर कदाचित दुसरेच गाणे गेले असते आणि ते खोके तेथेच राहिले असते. ब्राउन यांचा आणि केरी गावाचा संबंध काय? काहीच नाही. एका जाणत्या श्रोत्याने आपल्याला भावलेली तबकडी दुसऱ्यास सुचविली, इतकेच घडले. फोंड्याच्या बाजारात आमचे वडील-काका करीत तेच.

सत्तावीस संगीतखंडांत ही भैरवी शेवटून तिसरी आहे. मैफलीत भैरवीचे स्थान जाणणाऱ्यांस हे वाचून बरे वाटेल. व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी सुटले, व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाईंनी मुंबईत देह ठेवला. २०१२ साली पहिले यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, २०१८ मध्ये दुसरे. जाणाऱ्या तबकडीच्या वेष्टनावर ती कशी वाजवावी याच्या आकृती कोरलेल्या आहेत. आणि ज्यास ती मिळेल त्याच्यापाशी नसेल म्हणून, सोबत सुईही दिलेली आहे.