हिंदुस्थानी स्लाइड गिटार : प्रभाव आणि वैयक्तिक वादनशैली यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात वादकाची शैली प्रामुख्याने त्याच्या घराण्यावरून ओळखली जाते. शिष्य वर्षानुवर्षे गुरूसमोर बसतो, गुरूचा बाज आत्मसात करतो आणि पुढे त्यात स्वतःची भर घालतो, असा हा सर्वमान्य क्रम आहे. परंतु ज्या वाद्याला घराणेच नाही, ते वाद्य हाती घेणाऱ्या कलावंताने आदर्श कोणाचा ठेवायचा? आणि दुसऱ्याचा प्रभाव स्वीकारूनही त्याची शैली त्याची स्वतःची कशी ठरते? या प्रश्नांच्या अभ्यासासाठी गिटार हे वाद्य विशेष उपयुक्त आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिटारवर रागसंगीत वाजविणाऱ्यांना अनुसरावा असा प्रस्थापित गिटारवादकांचा बाज उपलब्ध नव्हता. प्रस्तुत निबंधात पं. ब्रिजभूषण काब्रा, पं. विश्वमोहन भट्ट आणि पं. देबाशिष भट्टाचार्य या तीन वादकांच्या आधारे प्रभाव व शैली यांतील संबंधांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

गिटारची तार पडद्यावर बोटाने दाबण्याऐवजी तिच्यावरून धातूचा गुळगुळीत दांडा सरकवून स्वर काढण्याचे तंत्र हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित झाले. त्याचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हे वादन अमेरिकेत अतिशय लोकप्रिय झाले आणि फिरत्या कलापथकांमुळे व ध्वनिमुद्रिकांमुळे जगभर पोहोचले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो हे वादक आपल्या कुटुंबासह कलकत्त्यात वास्तव्यास होते. बंगालमध्ये 'हवाईयन गिटार' घरोघरी शिकली जाऊ लागली. पुढे सुनील गांगुली यांच्यासारख्या वादकांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी वाजवून ती श्रोत्यांच्या परिचयाची केली.

तारेवरून घन वस्तू सरकवून वाजविण्याची कल्पना भारताला नवीन नव्हती. उत्तरेत विचित्र वीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम ही वाद्ये याच तत्त्वावर वाजविली जातात. रागसंगीताला अत्यावश्यक असलेली मींड या तंत्रात सहज साधते. असे असूनही शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात गिटारकडे सुगम संगीताचे परदेशी वाद्य म्हणूनच पाहिले जात होते. त्यामुळे शैलीच्या प्रश्नाशी या वाद्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्नही निगडित होता.

ब्रिजभूषण काब्रा : सरोदचा प्रभाव

ब्रिजभूषण काब्रा (१९३७-२०१८) यांचे बालपण जोधपूरमध्ये गेले. वडील सतारीचे जाणकार होते, तर थोरले बंधू दामोदरलाल हे सरोदवादक व उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य होते. खाँसाहेब काही काळ जोधपूर दरबारात संगीतकार होते. अशा घरात गिटारचे स्वागत होणे कठीण होते. गिटारवर केवळ शास्त्रीय संगीतच वाजवावे, या अटीवर वडिलांनी संमती दिली. ब्रिजभूषण यांनीही पुढे अली अकबर खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले.

सरोदवर पडदे नसतात. धातूच्या पट्टीवरून बोट सरकवून वादक मींड घेतो. या दृष्टीने सरोद व स्लाइड गिटार ही वाद्ये एकमेकांना जवळची आहेत. तथापि, सरोदचा नाद जव्याच्या आघातानंतर लवकर विरतो; गिटारचा नाद त्या मानाने अधिक काळ टिकतो. उलटपक्षी, द्रुत लयीत प्रत्येक स्वरासाठी दांडा अचूक जागी नेणे गिटारवादकाला जड जाते. गुरूची आलापी गिटारवर उतरविताना ती सरोदसारखी राहणे शक्यच नव्हते. काब्रा यांनी दीर्घ, सलग स्वरांनी युक्त अशा संथ आलापीवर भर दिला आणि हेच त्यांच्या वादनाचे मुख्य लक्षण ठरले. १९६७ मध्ये पं. शिवकुमार शर्मा व पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत प्रकाशित झालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेमुळे त्यांचे वादन सर्वदूर पोहोचले.

विश्वमोहन भट्ट : सतारीचा प्रभाव

जयपूरचे विश्वमोहन भट्ट (जन्म १९५०) हेही संगीतज्ञ कुटुंबातील असून ते पं. रविशंकर यांचे शिष्य आहेत. येथे एक बाब लक्षणीय आहे. रविशंकर आणि अली अकबर खाँ हे दोघेही मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य होत. म्हणजे काब्रा आणि भट्ट यांचे घराणे एक आणि मूळ वाद्यही एकच; तरीही दोघांचे वादन स्पष्टपणे निराळे आहे. या भिन्नतेचे केवळ घराण्याच्या आधारे स्पष्टीकरण देता येत नाही.

भट्ट यांच्यासमोर आदर्श होता तो सतारीचा. तरफेच्या तारांचा झंकार, चिकारीवरील झाला आणि द्रुत तानांची सफाई हे सर्व त्यांना गिटारमधून हवे होते. मूळ गिटारमध्ये ते मिळत नसल्याने त्यांनी वाद्याची रचनाच बदलली. मुख्य तारांबरोबर चिकारीच्या व तरफेच्या तारा असलेले हे वाद्य 'मोहनवीणा' या नावाने ओळखले जाते. येथे प्रभाव केवळ हातापुरता मर्यादित न राहता वाद्याच्या घडणीतही उतरला. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासमवेत भट्ट यांनी केलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३) या ध्वनिमुद्रिकेस १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. कूडर यांच्या स्लाइडवादनामागे ब्लूज गायक-वादक ब्लाइंड विली जॉन्सन यांच्या १९२७ च्या ध्वनिमुद्रणाचा ठसा आहे. तारेवरून सरकणाऱ्या दांड्याचे तंत्र दोघांचे समान. परंतु पूर्वस्मृती भिन्न असल्यामुळे दोघांचा स्वर क्षणात वेगळा ओळखू येतो.

देबाशिष भट्टाचार्य : कंठसंगीताचा प्रभाव

कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य (जन्म १९६३) हे काब्रा यांचे शिष्य. या तिघांपैकी गुरुस्थानी गिटारवादक लाभलेले ते एकटेच. त्यामुळे त्यांचे वादन गुरूची प्रतिकृती होण्याचा संभव सर्वाधिक होता. तसे झाले नाही. त्यांचे आई-वडील दोघेही गायक होते आणि पं. अजय चक्रवर्ती यांच्याकडूनही त्यांना मार्गदर्शन मिळाले. परिणामी त्यांच्या वादनात खटका, मुरकी व गमक यांसारख्या गायकी अंगाच्या अलंकारांना महत्त्वाचे स्थान मिळाले. त्यांनीही आपल्या गरजेनुसार 'चतुरंगी', 'गांधर्वी' व 'आनंदी' ही वाद्ये घडविली.

निष्कर्ष :

१) या तिन्ही वादकांच्या शैलीला निर्णायक वळण गिटारबाहेरून, म्हणजे अनुक्रमे सरोद, सतार व कंठसंगीत यांतून मिळाले.

२) एका माध्यमातील संस्कार दुसऱ्या माध्यमात जसाच्या तसा उतरत नाही. या न उतरण्यातून जी अडचण निर्माण होते, ती सोडविण्याची प्रत्येकाची रीत म्हणजेच त्याची वैयक्तिक शैली होय. काब्रा यांनी वाद्याच्या स्वभावाला अनुसरून आलापी घडविली, तर भट्ट यांनी आलापी-तानांच्या गरजेनुसार वाद्य घडविले.

३) भट्टाचार्य यांच्या उदाहरणावरून असे दिसते की, परंपरा निर्माण झाल्यानंतरही शिष्याचे वेगळेपण टिकण्यासाठी गुरूव्यतिरिक्त दुसरा एखादा संस्कार उपकारक ठरतो.

४) परक्या मानलेल्या वाद्याला मिळालेली प्रतिष्ठा ही या प्रभावांचेच फलित आहे. गिटार रागसंगीतात स्थिरावली ती सरोद, सतार आणि गळा यांचे ऋण मान्य करून.

प्रभाव जितका खोल, तितकी मौलिकता कमी, हा समज या इतिहासाच्या प्रकाशात टिकत नाही. विद्यार्थ्यावर कोणाचा प्रभाव आहे, एवढेच नोंदवून संगीताच्या अध्यापकाने थांबू नये. तो प्रभाव स्वतःच्या वाद्यावर उतरविताना विद्यार्थी नेमका कोठे अडला आणि त्यातून त्याने कोणता मार्ग काढला, याकडे लक्ष दिल्यास त्याच्या शैलीचा उगम सापडू शकेल.