अतिशीत तापमान आणि विद्युत्-घटकांची पारख

लातूरकडील देवणी आणि नांदेडकडील लाल कंधारी या गोवंशांच्या कृत्रिम रेतनासाठी लागणारे वीर्य द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रात, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात गोठवून ठेवतात. मराठवाड्यातील पशुपालकास अतिशीत तापमान परिचित आहे ते या पात्रामुळे. तेथे गोठविण्याचा हेतू सर्व क्रिया थांबविणे हा असतो. परंतु त्याच थंडीत एखादे विद्युत्-मंडल चालू ठेवावयाचे झाल्यास प्रश्न नेमका उलट होतो. प्रस्तुत टिपणात त्या प्रश्नाच्या इतिहासाचा विचार केला आहे.

१९०८ साली लायडन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी हेलियमचे द्रवीकरण केले आणि ४.२ केल्विनपर्यंतचे क्षेत्र संशोधनास खुले झाले. पुढे इलेक्ट्रॉनिक साधने तेथवर नेण्याची गरज भासू लागली. परंतु सैनिकी प्रतीच्या घटकांची हमीदेखील साधारणतः उणे ५५ अंशांपाशी संपते. त्यापलीकडे प्रत्येक घटक द्रवात बुडवून पारखण्यावाचून गत्यंतर नसते.

या परीक्षेत इलेक्ट्रोलिटिक धारित्र टिकत नाही, कारण त्यातील द्रवच गोठतो. अभ्रकाचे धारित्र टिकते. सामान्य सिलिकॉन ट्रान्झिस्टरमधील विद्युत्-वाहक उष्णतेमुळे मुक्त झालेले असतात. तीव्र थंडीत ते पुन्हा अणूंशी बांधले जातात. यासही ‘वाहक गोठणे’ असेच म्हणतात. येथे भाषाभ्यासकाने सावध राहावयास हवे. तूप गोठते तसे हे गोठणे नव्हे. पदार्थ आधीपासून घनच असतो. शिवाय थंडीने सर्वच ट्रान्झिस्टर निकामी होतात असेही नाही. मॉस ट्रान्झिस्टरमध्ये विद्युत्-क्षेत्र वाहकांना ओढून आणते, म्हणून तो ४ केल्विनलाही चालू शकतो.

सर्वांत बोधप्रद इतिहास कार्बन-रोधकाचा होय. हेलियमच्या तापमानास त्याचा रोध अनेक पटींनी वाढतो. मंडलाच्या दृष्टीने हा दोषच. परंतु १९५२ साली क्लेमेंट व क्विनेल यांनी ही वाढ काटेकोरपणे मोजून या स्वस्त रोधकाचा तापमापक म्हणून उपयोग दाखवून दिला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांना बिस्मथमध्ये ०.५३ मिलिकेल्विनला अतिवाहकता आढळली. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा प्रयोगांत नमुना थंड करण्याइतकेच मापनाचे साधन विश्वासार्ह असणे महत्त्वाचे असते. म्हणूनच प्रयोगशाळेच्या नोंदवहीत उत्तीर्ण घटकांबरोबर अनुत्तीर्ण घटकांचीही आकड्यांनिशी नोंद असावी. आज दोष म्हणून टाकून दिलेला गुणधर्म उद्या मापनाचे साधन ठरू शकतो; मात्र तो लिहून ठेवलेला असला पाहिजे.