प्रकाशाचा तराजू आणि त्याचा पासंग

रेवदंड्याजवळचे चौल हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. तेथील जुनी काच आणि आफ्रिकेत केनियाच्या किनाऱ्यावर सापडलेले काचेचे मणी यांचे पृथक्करण करून २००८ साली संशोधकांनी दाखविले की, दोहोंत युरेनियम जास्त व बेरियम कमी आहे. दक्षिण भारतातील व श्रीलंकेतील अधिक प्राचीन मण्यांत नेमके याच्या उलट आढळते. ९ व्या ते १९ व्या शतकांतील सागरी व्यापाराचा हा मोठा साक्षीदार होय. परंतु श्रोतेहो, तो खरे बोलतो हे ठरवावयाचे कसे?

या पृथक्करणासाठी मणी फोडावा लागत नाही. लेसर किरणाने त्यावर केसाच्या जाडीएवढा खळगा पाडतात. उडालेली धूळ वायुप्रवाहाबरोबर तप्त आर्गॉनच्या ज्योतीत जाते आणि तेथून निघणारे भारित अणू वस्तुमानानुसार मोजले जातात. मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत माणकाचा पहिला लेसर चालविला. १९६२ साली ब्रेच व क्रॉस यांनी त्याचा उपयोग पदार्थ उडवून तपासण्याकडे केला आणि १९८५ साली इंग्लंडमधील सरे विद्यापीठात ॲलन ग्रे यांनी त्याला आजच्या यंत्राची जोड दिली.

आता आकडे झटपट मिळू लागले. पण तराजूत पासंग होता. पहिला दोष असा की, सर्व मूलद्रव्ये सारख्या सुलभतेने उडत नाहीत. १९९५ साली कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या संशोधकांनी प्रत्येक मूलद्रव्याच्या मोजणीचा पूर्वार्ध व उत्तरार्ध ताडून पाहिला, तेव्हा खळगा खोल होत जाताना प्रमाणे बदलतात असे दिसले. झिरकॉन खनिजाचे वय युरेनियम व त्यापासून झालेले शिसे यांच्या गुणोत्तरावरून काढतात. ते गुणोत्तर ढळले की खडकाचे वयही ढळते.

दुसरा दोष धुळीचा. मोठे कण ज्योतीत पुरते जळत नाहीत, तर काही वाफ खळग्याच्या काठावरच गोठते. म्हणून तांबड्या किरणाऐवजी अतिनील किरण आले आणि खळग्यावरून हेलियम वायू वाहू लागला. तिसरा दोष सोंगाचा : आर्गॉन व ऑक्सिजन एकत्र आले म्हणजे त्यांचे वस्तुमान ५६ होते आणि ते लोहाचे सोंग घेतात. जमिनीत पुरलेल्या काचेच्या पृष्ठभागावरून पाणी सोडियम धुऊन नेते, म्हणून किरणाचे पहिले काही आघात हिशेबात धरीत नाहीत.

शिवाय प्रत्येक वेळी उडालेला अंश कमीअधिक असतो. त्यासाठी सिलिकॉन किंवा कॅल्शियमसारखे एखादे मूलद्रव्य आधी ज्ञात असावे लागते. तोच आकडा चुकला तर बाकीचे सारे आकडे त्याच पटीत चुकतात, आणि ते परस्परांशी जुळत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

सर्वांत मोठा धडा मात्र वजनमापांनीच दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तयार केलेली, सुमारे साठ मूलद्रव्ये मिसळलेली काच जगभर प्रमाण म्हणून वापरली जात होती. २००२ साली कॅनबेरा येथील एगिन्स व शेली यांनी दाखविले की, तिच्यातही थॅलियम, कॅडमियम, सेलेनियम अशी उडून जाणारी मूलद्रव्ये काही भागांत विरळ झाली आहेत. काच वितळलेली असतानाच ती निसटली होती. ज्या मापाने जग मोजावयाचे, तेच माप ठिकठिकाणी उणे होते!

म्हणून काळजी घेणारी प्रयोगशाळा एकाच काचेवर विसंबत नाही. घटक ठाऊक असलेली दुसरी काच ती अनोळखी नमुन्यासारखी मोजते आणि उत्तर जुळले तरच पुढे जाते. युरेनियम व बेरियम ही उडून जाणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यामुळे चौलची साक्ष या दोषाने डळमळत नाही. पण उद्या कोणी शिशाच्या किंवा कॅडमियमच्या आकड्यावरून एखाद्या मण्याचे गाव सांगू लागला, तर मण्याआधी त्याच्या तराजूची चौकशी करावी. कारण चुकीचा आकडा इतिहासात एकदा शिरला, म्हणजे तो बाहेर काढण्यास पिढ्या लागतात.