उघड्या टपाची ड्यूसेनबर्ग आणि जीर्णोद्धाराचे सत्य

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ऑबर्न नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथे १९३० साली बांधलेली मोटार कंपनीची एक देखणी कचेरी उभी आहे. कंपनी केव्हाच बुडाली; मात्र १९७४ पासून त्या इमारतीत मोटारींचे संग्रहालय आहे. महायुद्धापूर्वीच्या ‘ड्यूसेनबर्ग मॉडेल जे’ या गाड्या पाहण्यासाठी जगभरातून लोक तेथे येतात. त्यांतही विशेष गर्दी होते ती उघड्या टपाच्या, म्हणजे कन्व्हर्टिबल गाड्यांभोवती. लांबलचक बॉनेट, आरशासारखा रंग, मऊ कातड्याच्या बैठका. नव्वद वर्षांची ही वृद्धा काल कारखान्यातून निघाल्यासारखी भासते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी थोडे थबकावे आणि विचारावे : ही खरोखर अशीच होती काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आरंभापासून सुरुवात केली पाहिजे. फ्रेडरिक आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे दोघे भाऊ जर्मनीत जन्मले आणि बालपणीच कुटुंबासमवेत अमेरिकेतील आयोवा राज्यात आले. अभियांत्रिकीची पदवी दोघांकडेही नव्हती. सायकलींपासून आरंभ करून ते यंत्रविद्या शिकले, ती आपल्या हातांनी. १९२१ साली फ्रान्समधील ल मान्स येथे त्यांच्या गाडीने फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिंकली. युरोपातील ग्रां प्री अमेरिकन गाडीने जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढे इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली. मात्र यंत्र जाणणारा माणूस व्यापार जाणतोच असे नाही. कंपनी डबघाईला आली आणि १९२६ साली एरेट लोबन कॉर्ड या उद्योगपतीने ती विकत घेतली. भावांची मालकी गेली. नाव आणि काम तेवढे राहिले.

कॉर्ड यांनी फ्रेड यांना एकच आज्ञा केली : जगातील सर्वोत्तम मोटार बनवा. १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ लोकांसमोर आली. एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार झडपा आणि सुमारे ६.९ लिटर क्षमतेचे इंजिन अशी तिची रचना होती. कंपनी २६५ अश्वशक्तीचा दावा करीत असे. नुसत्या चॅसीची, म्हणजे इंजिन व चाकांसह असलेल्या सांगाड्याची किंमत ८,५०० डॉलर होती. त्याच सुमारास फोर्डची साधी पण संपूर्ण गाडी चार-पाचशे डॉलरांत मिळत असे.

चॅसीचीच किंमत सांगण्याचे कारण असे, की कंपनी सहसा तेवढीच विकत असे. गाडीचा वरचा भाग, ज्याला बॉडी म्हणतात, तो ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घ्यावयाचा. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधण्याची जी कला होती तिचीच ही पुढची पायरी. ॲश जातीच्या लाकडाचा साचा करावयाचा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून बसवावयाचे, असे हे काम चाले. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील मर्फी कंपनीने मॉडेल जे गाड्यांच्या सर्वाधिक बॉड्या बांधल्या. तिच्या काही कन्व्हर्टिबल गाड्यांत कापडी टप घडी होऊन धातूच्या झाकणाखाली पूर्णपणे लपत असे. त्या कारागिरांपैकी फारच थोड्यांची नावे आज कोणास ठाऊक आहेत.

या वैभवाला काळाने फार सवड दिली नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जागतिक मंदीचे पर्व सुरू झाले. १९३३ साली अमेरिकेतील कष्टकऱ्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश लोक बेकार होते. भाकरीसाठी रांगा लागत होत्या. त्याच रस्त्यांवरून ही गाडी धावत होती. मर्फी कंपनी १९३२ मध्ये बंद पडली, परंतु चित्रपटतारे, उद्योगपती व राजेमहाराजे यांच्याकडून ड्यूसेनबर्गला थोडीथोडी मागणी येत राहिली.

राजेमहाराजांचा उल्लेख केला तो सहेतुक. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) हे माणिकबाग राजवाडा एकार्ट म्युथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून बांधून घेणारे आधुनिक अभिरुचीचे संस्थानिक होते. त्यांनी सुपरचार्जर बसविलेली ‘एसजे’ ही अधिक शक्तिमान ड्यूसेनबर्ग मागविली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीकडून नारिंगी व काळ्या रंगाची उघडी बॉडी चढविली. अमेरिकेचे इंजिन, इंग्लंडची कारागिरी आणि मराठी राजघराण्याची मालकी असा तो योग होता. ती गाडी पुढे अमेरिकेस परत गेली.

निर्मात्यांच्या वाट्याला काय आले? जुलै १९३२ मध्ये पेनसिल्व्हानियातील डोंगरी रस्त्यावर स्वतःच घडविलेली गाडी चालवीत असताना फ्रेड ड्यूसेनबर्ग यांना अपघात झाला आणि २६ जुलै रोजी ते निवर्तले. १९३७ मध्ये कॉर्ड यांचा उद्योगसमूह मोडला आणि ड्यूसेनबर्गचे उत्पादन कायमचे थांबले. मॉडेल जेच्या जेमतेम ४८० गाड्या बनल्या होत्या. धाकटे बंधू ऑगस्ट १९५५ पर्यंत हयात होते.

महायुद्धानंतर या गाड्यांना कोणी विचारीनासे झाले. पेट्रोल पिणारी, दुरुस्तीला महाग अशी ही जुनी गाडी काही शे डॉलरांतही मिळू लागली. अशा पडत्या काळात काही हौशी माणसांनी तिला जवळ केले. १९५२ साली ऑबर्न, कॉर्ड व ड्यूसेनबर्ग या तिन्ही गाड्यांच्या चाहत्यांनी आपला क्लब स्थापन केला. त्यांच्या निष्ठेमुळेच मॉडेल जेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक गाड्या आज शिल्लक आहेत. हे ऋण मोठे आहे.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. या कामात गाडी संपूर्ण सुटी केली जाते. कुजलेले लाकूड काढून त्याच मापाचे नवे बसवितात, पत्रे सरळ करतात, इंजिनाचे झिजलेले भाग नव्याने घडवितात. हे काम हजारो तासांचे असते. परंतु येथेच मोह उभा राहतो. कारखान्यातून निघताना गाडीला जी झळाळी नव्हती तीही तिला दिली जाते. याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. उघड्या गाडीला बाजारात बंद गाडीपेक्षा पुष्कळच अधिक भाव येतो. म्हणून अनेक ड्यूसेनबर्गची मूळ बंद बॉडी उतरवून तिच्या जागी कन्व्हर्टिबलची नवी प्रतिकृती चढविली गेली. बॉडींची अदलाबदल तर जुने विक्रेतेही करीत असत.

परिणामी आपण जिच्यासमोर नतमस्तक होतो ती गाडी कदाचित कधीच तशी नव्हती. जिच्या काचेआड एखादे कुटुंब बसून प्रवासास जात असे ती बंद गाडी नाहीशी झाली आणि तिच्या जागी आपल्या स्वप्नातील गाडी आली. म्हणूनच जाणकार मंडळी इंजिन, सांगाडा व इंजिनामागील पडदी यांवरील क्रमांक ताडून पाहतात. क्लबही गाडीची तपासणी करून ती कितपत मूळ आहे याचे प्रमाणपत्र देतो. चकाकीला भुलण्याआधी कागद मागावा, ही शिस्त त्यामागे आहे.

२०१८ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे नट गॅरी कूपर यांची १९३५ ची उघडी ड्यूसेनबर्ग २ कोटी २० लाख डॉलरांना विकली गेली. एवढी किंमत मिळते तेव्हा सत्य सांगणे महाग होते आणि खोटे सांगणे फायद्याचे ठरते. जीर्णोद्धार हा शब्द आपल्याला परका नाही. चर्च, घर, जुने कपाट, आजोबांचे छायाचित्र या साऱ्यांना आपण नवे रूप देत असतो. जुने सुंदर करून ठेवावे, यात वावगे काहीच नाही. मात्र कोणते लाकूड जुने, कोणते नवे, काय होते आणि काय आपण बदलले, याची नोंद वस्तूशेजारी राहिली पाहिजे. त्या नोंदीत मालकाबरोबर पत्रा ठोकणाऱ्या हातांनाही जागा असावी. अशी नोंद असली, तर पुढची पिढी आपल्या आवडीचा भूतकाळ न पाहता घडून गेलेला भूतकाळ पाहू शकेल.