प्रवासाचा योग्य काळ : बर्गेनच्या निमित्ताने

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन ह्या जुन्या बंदराविषयीचे कोणतेही प्रवासपुस्तक उघडले, तर त्यात एक सल्ला हमखास आढळतो : मे-जूनमध्ये जावे आणि छत्री विसरू नये. सल्ला चुकीचा नाही. ६० अंश उत्तर अक्षांशावरील ह्या शहरात एप्रिल ते जून हे महिने त्यातल्या त्यात कोरडे असतात. जूनमध्ये दिवस सुमारे १९ तासांचा, तर डिसेंबरात जेमतेम ६ तासांचा. अटलांटिकमधील उष्ण प्रवाहामुळे जानेवारीतही सरासरी तापमान शून्याच्या थोडे वरच राहते, बंदर गोठत नाही. परंतु समुद्रावरून येणारी दमट हवा भोवतालच्या डोंगरांना अडते आणि वर्षाकाठी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हा आकडा मुंबईच्या पावसाच्या आसपासचा आहे. मात्र मुंबईत तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, बर्गेनमध्ये तो दोनशेहून अधिक दिवसांवर पसरलेला असतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून तर तेथे सलग ८५ दिवस पाऊस पडला होता.

आम्हांला कुतूहल आहे ते ह्या सल्ल्यामागील प्रश्नाचे. ‘कधी जावे?’ हा प्रश्न काही पर्यटकांनी निर्माण केलेला नाही. बर्गेनच्या बाबतीत तो किमान सहाशे वर्षे जुना आहे आणि एके काळी त्याचे उत्तर कायद्याने ठरत असे. १३६० च्या सुमारास ल्यूबेकप्रमुख हान्सा व्यापारीसंघाने येथे आपली वखार स्थापन केली. दक्षिणेकडून राय धान्य व पीठ यावे आणि उत्तर नॉर्वेतील सुका कॉड मासा परत न्यावा, असा हा व्यवहार. हा मासा म्हणजे हवामानाचेच अपत्य होय. हिवाळ्यात लोफोटेन बेटांजवळ कॉड अंडी घालावयास येतो. पकडलेला मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगतात. फेब्रुवारी ते मे ह्या काळात तेथील तापमान शून्याच्या आसपास घुटमळते : मासा गोठून फुटत नाही, कुजत नाही आणि माश्याही अजून आलेल्या नसतात. आमच्या कोकणातील वलांडीवरचे बोंबील उन्हाने वाळतात, हा वाळतो तो थंड वाऱ्याने. मग उन्हाळ्याच्या सुमारास उत्तरेकडील बोटी तो घेऊन बर्गेनच्या धक्क्याला लागत. हान्साने पंधराव्या शतकाच्या आरंभी ११ नोव्हेंबर ते २२ फेब्रुवारी ह्या काळात नौकानयनास बंदी घातली होती. अपवाद होते, पण नियम नियम होता. युरोपातील कॅथलिकांचे उपवासाचे दिवस, ल्यूबेकच्या व्यापाऱ्याची तिजोरी आणि लोफोटेनचा वारा अशी ही साखळी होती. हान्साच्या इतिहासांत तह, सनदा व सवलती यांनाच बहुतेक जागा मिळते आणि हवामान प्रस्तावनेत उरकले जाते, हे आम्हांला खटकते.

आणि जहाजे थांबली तरी माणसे थांबत नसत. ब्रिग्गेन ह्या धक्क्यालगतच्या लाकडी घरांत शिकाऊ मुले व कारकून वर्षभर राहत. ती सर्व पुरुषमंडळी, लग्नास मनाई. सामान्यतः त्या घरांत विस्तव पेटवण्याचीही मनाई होती, कारण एका ठिणगीने सारा धक्का जळण्याची भीती असे. स्वयंपाक, शिकवणी आणि ऊब या तिन्हींसाठी मागच्या बाजूस वेगळ्या सभागृहवजा खोल्या होत्या. रात्री झोपावयाचे ते मात्र थंड घरात. नवागतांना धूर, पाणी आणि चाबूक यांच्या क्रूर ‘खेळां’तून जावे लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चार महिन्यांच्या अंधाराचा थोडाफार अंदाज येतो. एवढे करूनही आगी टळल्या नाहीतच. युरोपातील अत्यंत पावसाळी अशा ह्या शहराच्या इतिहासाचे टप्पे आगींनी मोजले जातात : १२४८, १४७६, १७०२. आज दिसणारे ब्रिग्गेन १७०२ नंतर जुन्याच आराखड्यावर उभारलेले आहे. १९१६ च्या जानेवारीत वादळी वाऱ्यात शहराचा मध्यभाग पुन्हा जळाला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, विल्हेल्म ब्येर्कनेस हा शास्त्रज्ञ लाइपझिग सोडून बर्गेनला आला. महायुद्धामुळे ब्रिटनकडून येणारी हवामानाची तारेने मिळणारी माहिती बंद झाली होती व देशात धान्यटंचाई होती. त्याने पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षणकेंद्रांचे दाट जाळे उभारले. उष्ण व शीत हवेच्या सीमारेषेला ‘फ्रंट’ हे नाव येथूनच मिळाले, आणि ते युद्धभूमीवरून उचललेले आहे. त्याचा पुत्र याकोब याने पुढे १९६९ मध्ये एल निनोची सांगड दक्षिणी आंदोलनाशी घातली. हे आंदोलन गिल्बर्ट वॉकरने भारतीय हवामानखात्याचा प्रमुख म्हणून मान्सूनच्या अंदाजासाठी केलेल्या खटपटीतून हाती आले होते. त्याच खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणूनच शिवाजीनगरला अजून ‘सिमला ऑफिस’ आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना बर्गेन म्हटले की येथे १६८४ साली जन्मलेला होल्बर्ग आठवतो, किंवा १८५१ ते १८५७ ह्या काळात येथील रंगभूमीवर उमेदवारी करणारा इब्सेन. आम्हांला मात्र ह्या शहराचे खरे वाङ्मयीन धन ब्रिग्गेनच्या चिखलात सापडले असे वाटते. १९५५ मध्ये धक्क्याचा एक भाग आगीत गेला आणि त्या मोकळ्या जागेवर आस्ब्यर्न हेर्तेइग याने १९६८ पर्यंत उत्खनन केले. जुन्या आगींच्या राखेचे थर कालनिर्णयासाठी उपयोगी पडले. तेथे रून लिपीतील सुमारे ६७० लेख मिळाले, बहुतेक लाकडाच्या काड्यांवर कोरलेले. मालावर बांधावयाच्या नावाच्या चिठ्ठ्या, देण्याघेण्याची पत्रे, प्रार्थना, प्रेमाचे शब्द, लॅटिन ओळी; एका काडीवर तर ग्यूदा नावाची स्त्री कोणाला तरी घरी परत ये म्हणून बजावते, आणि तो कोणी बहुधा मद्यशाळेत बसलेला आहे! रून लिपी म्हणजे वीरांच्या स्मारकशिळा, ही समजूत ह्या काड्यांनी कायमची मोडली. पत्राच्या कागदासारखी ती लिपी रोज वापरात होती.

ह्या काड्या टिकल्या कशा? सततच्या पाण्याने भिजलेल्या त्या मातीत प्राणवायू पोचत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. कोरड्या शहरात असला पत्रव्यवहार कधीच नाहीसा झाला असता. पुढे उत्खननाच्या जागी हॉटेल उभे राहिले, तेथून पाण्याचा निचरा होऊ लागला, भूजलाची पातळी घसरली आणि शेजारची जुनी घरे खचू लागली. ब्रिग्गेन १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यास वाचविण्यासाठी अखेर पावसाचेच पाणी पुन्हा जमिनीत मुरविण्याची व्यवस्था करावी लागली. मे महिन्यातील निरभ्र दुपारी तेथे फिरणाऱ्याला ही व्यवस्था दिसत नाही. नोव्हेंबरात, भिजत उभे राहिले तर, पायाखालून वाहणारे पाणी कोठे जाते आहे हे निदान विचारावेसे वाटते.