थंडीत बोटं सुजून खाजतात? डॉक्टरी भाषेत हा ‘पर्निओ’; शेकोटीवर हात धरण्याची घाई नको

नवी मुंबई : नवी मुंबईचा हिवाळा तसा सौम्य. पण वाशी-तुर्भे भागातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये बाराही महिने थंडीच असते. सफरचंदासारखी फळं साधारण ० ते ४ अंशांत ठेवतात, तर गोठवलेल्या मालाच्या खोलीत उणे १८ अंशांच्या आसपास तापमान असतं. सातारा, पुणे जिल्ह्यांतल्या गावांमधून अनेक जण वाशीच्या बाजारात कामाला येतात. सतत गारठ्यात काम करणाऱ्यांना बोटांचा एक त्रास होऊ शकतो. त्याची माहिती असलेली बरी.

नाव काय?
इंग्रजीत याला ‘चिलब्लेन’ म्हणतात. वैद्यकीय नाव ‘पर्निओ’ किंवा ‘पर्निओसिस’. आपल्याकडे लोक सरळ ‘थंडीनं बोटं सुजली’ असं सांगतात.

ओळखायचं कसं?
गारठ्यात राहिल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हातापायाच्या बोटांवर लाल-जांभळे चट्टे उठतात. सावळ्या कातडीवर ते काळपट दिसतात. बोटं सुजतात, खाजतात, आग होते. नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळीवरही हे होतं. कधी कधी फोडही येतात.

कशामुळे होतं?
थंडीत कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. तेच बोट एकदम गरम केलं की रक्त जोरात येतं, त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि सूज येते. त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही. ओलसर गारठा पुरेसा असतो. म्हणून निफाडसारख्या थंडीच्या पट्ट्यात पहाटे पाण्यात काम करणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. बायकांमध्ये, अंगानं बारीक असलेल्यांमध्ये आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये याचा धोका जास्त.

हे तेच का?
नाही. ‘चिखल्या’ पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होतात, त्या बहुतेक बुरशीमुळे. हिमदंशात तर कातडीच गोठते, पांढरी-कडक पडते आणि बधिर होते. तिथे लगेच दवाखाना गाठावा लागतो. पर्निओत कातडी गोठत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

काय करायचं?
- ओले मोजे, हातमोजे लगेच बदला. हातपाय कोरडे करून हळूहळू ऊब द्या.
- शेकोटी, चूल, हीटर किंवा कढत पाण्यात बोटं धरू नका. त्यानं सूज वाढते. बधिर बोटाला चटका बसलेलाही कळत नाही.
- खाजवू नका, जोरात चोळू नका, फोड फोडू नका. साधं व्हॅसलिन लावलं तरी चालतं.
- घट्ट बूट टाळा. तंबाखू, विडी-सिगारेट बंद करा.
- कोल्ड स्टोरेजमध्ये काम असेल तर कोरडे हातमोजे, गमबूट, जाड जॅकेट मुकादमाकडून मागून घ्या. मधूनमधून बाहेर या. बोटंच कामाची नाही राहिली तर रोज कुठून येणार?

डॉक्टरकडे कधी जायचं?
थंडी टाळली तर त्रास बहुधा १ ते ३ आठवड्यांत आपोआप बरा होतो. पण जखम झाली, पू आला, बोट काळं पडलं, तीन आठवड्यांतही फरक नाही किंवा उन्हाळ्यातही त्रास राहिला, तर थांबू नका. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा. थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी पडत असतील किंवा सांधेही दुखत असतील, तर मागे दुसरा आजार असू शकतो. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. रक्तवाहिन्या मोकळ्या करणाऱ्या गोळ्या काही रुग्णांना दिल्या जातात. मात्र त्यानं रक्तदाब उतरतो, म्हणून मेडिकलमधून मनानं घेऊ नका.

दवाखान्यात गेल्यावर आपण काम कुठे करतो, किती वेळ गारठ्यात असतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. नवी मुंबईच्या उकाड्यात थंडीचा आजार कुणाच्या चटकन ध्यानात येत नाही.